सव्वीस जण सावलीत

वैजयंतीमॅडमनी नखानं टेपचं टोक उचललं आणि एका झटक्यात ओढलं. चर्र असा आवाज झाला. एवढाच. पण उत्कर्षाच्या अंगावरून तो असा गेला, जसं कुणी जखमेवरची पट्टी न सांगता ओढावी. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीन साडेतीन महिन्यांनी उघडा पडला. कडेनं डिंकाची काळपट चौकट राहिली होती. मॅडमनी ती अंगठ्यानं पुसली, टेपची गोळी करून टेबलाखालच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "घे. आजपासून बघ. ज्याला न बघता असं येतं, त्यानं बघितलं तर बिघडत नाही." टेबलावर बामीबाईचा फोटो होता, हातभर उंचीचा, फ्रेममध्ये नुकता बसवलेला. मॅडम हात पाठीमागे बांधून त्याच्यासमोर उभ्या होत्या. फोटो आवडला की त्या अशाच उभ्या राहात, शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलीसारख्या. "डोळे काय आलेत गं! नव्वदीची बाई, आणि कशी थेट बघतेय. मला नसतं जमलं, खरं सांगते." उत्कर्षा म्हणाली, "मॅडम..." मॅडम वळल्या. "हं?" "काही नाही. कागद गुंडाळते फ्रेमला." "गुंडाळ. आणि ऐक, शनिवारी नेरूळचं बारसं आहे ना, ते तू एकटी कर. मी येत नाही." हे वाक्य ऐकायला ती साडेतीन महिने रोज घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीतून कोपरखैरण्याच्या या स्टुडिओत येत होती. लाइटचे स्टँड उचलत होती, पडदे इस्त्री करत होती. वाक्य आलं, आणि कानाशीच उभं राहिलं. आत आलं नाही.

फ्रेम जड नव्हती, तरी दोन्ही हातांनी धरावी लागत होती, पोटाशी. काच आतल्या बाजूला, म्हणजे बामीबाईचं तोंड उत्कर्षाकडे. बामीबाईचं गाव, बोनकोडे, पायी पंधरा मिनिटांवर. दुपार कलत होती. सेक्टरचे रस्ते सरळ, झाडं मोजून लावलेली, सोसायट्यांची नावं सोनेरी अक्षरात. आणि मग एका वळणावर रस्ता अचानक अरुंद होतो, घरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहतात, गॅलऱ्या समोरासमोर इतक्या जवळ येतात की ह्या घरातल्या बाईनं त्या घरातली मिरची उचलावी. तिथून गाव. पंधरा मिनिटं. फोटो काढल्यावर बामीबाई होती त्या दहा दिवसांत ही पंधरा मिनिटं तिला कधी मिळाली नव्हती. नाही, मिळाली होती, रोज मिळाली होती. स्टुडिओतून सुटून ती या वळणापर्यंत यायची आणि पाय घणसोलीच्या रिक्षाकडे वळायचे. उद्या जाऊ. उद्या जाऊन सांगू, काका, फोटो परत काढायला लागेल. मग मॅडमना सांगावं लागेल. मग मॅडम विचारतील, का? आणि त्या 'का'चं उत्तर तिच्या तळहातावर होतं, लालभडक.

मॅडमची शिकवायची रीत त्यांची स्वतःची होती. पहिल्या दिवशी त्यांनी नव्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काळी टेप चिकटवली. "फोटो काढून लगेच पाठीमागं बघायचं, ही खोड मोडायचीय. तेवढ्यात समोरचं माणूस निघून जातं." मग तिचा हात धरून उन्हात नेला आणि तळवा उलटा केला. "हा तुझा मीटर. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. त्याला आधी तळहात दाखव, जिथं माणूस बसणार तिथल्या उजेडात. आकडा येईल, त्याच्यावर उजेडाची एक पायरी चढ. बस. मग आकड्याला हात लावायचा नाही." उत्कर्षानं विचारलं होतं, "पण मॅडम, माझा रंग तर सावळा..." मॅडम हसल्या. "माणूस कितीही काळा असो, तळहात सगळ्यांचे उजळच असतात. बघ घरी जाऊन." तिनं घरी जाऊन बघितलं होतं. तिचे दादा, म्हणजे वडील, धनाजी, तुर्भ्याच्या मार्केटात पोती वाहतात. पाठ उन्हानं कोळशासारखी, पण तळहात खरंच उजळ निघाला, घट्टे पडलेला, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. "काय बघतीस, भविष्य?" दादा म्हणाले. "उजेड बघते." "मग तर बघच. आमाला कधी दिसला न्हाय." आई चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी होती, पण बोलली चुलीपाशी बोलावं तसं, "हात धुवा आधी, मग दावा उजेड." तिघंही हसली होती. ते हसणं आता फ्रेमच्या कागदासारखं चुरचुरत तिच्याबरोबर चाललं होतं.

चुलतबहिणीचं, राजलक्ष्मीचं, लग्न होतं. शुक्रवारी सगळ्या मुली रांगेनं मेंदी काढायला बसल्या, उत्कर्षाही बसली. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत कुठं बोट ठेवायला जागा राहिली नाही. लिंबू-साखर लावली, तव्यावर लवंगा टाकून धूर घेतला, रात्रभर हात बांधून झोपली. सकाळी मेंदी अशी रंगली की काकू म्हणाली, "हिची सासू जीव लावणार बाई." आणि रविवारी सकाळी दहाला, तेच हात घेऊन ती बोनकोड्याला बामीबाईच्या मुलाच्या, गंगारामकाकांच्या, अंगणात उभी राहिली. तिचं पहिलं एकटीचं काम, तेही मॅडम ऐनवेळी दुसरीकडे अडकल्या म्हणून. घर पाडून चार मजली बांधायचं होतं, त्याआधी जुन्या घरासमोर सगळ्यांचा एक फोटो. सत्तावीस माणसं. पणजीपासून पणतूपर्यंत. सव्वीस जण ओट्यावर, पत्र्याच्या सावलीत. आणि पुढं, अंगणात, खुर्चीवर बामीबाई. तिला थंडी वाजत होती म्हणून उन्हात. "तिला आत घ्या ना, सावलीत," उत्कर्षा म्हणाली होती. गंगारामकाका म्हणाले, "नाय येनार ती. उन्हात जल्म गेला तिचा, मिठागरात. सावलीत तिला हिव भरता." आणि खुर्चीवरनं आवाज आला होता, "मी हय्याच बसनार. ज्याला काढाचा त्यानं काढा, ज्याला पलाचा त्यानं पला." सगळं अंगण हसलं. उत्कर्षानं बामीबाईच्या खुर्चीपाशी जाऊन, तिथल्या उन्हात, आपला तळहात धरला. कॅमेऱ्याला दाखवला. कॅमेऱ्यानं बघितलं: काळोख. अंधारातलं माणूस समजून त्यानं डोळा मोठा केला. ती त्याच्यावर एक पायरी चढली. मग आकड्याला हात लावला नाही. शिकवलं होतं तसं. बारा फोटो.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर उघडले तेव्हा आधी वाटलं, स्क्रीन बिघडलाय. सावलीतली सव्वीस माणसं कशी झकास आली होती. लहानग्याच्या नाकातला शेंबूडसुद्धा चमकत होता. आणि पुढं, मधोमध, खुर्चीवर एक पांढरं भगदाड. पांढरं लुगडं, पांढरे केस, आणि त्यांच्यामध्ये चेहरा नाही. नाकाखाली एक रेघ, हनुवटीची एक कड, बाकी नुसता उजेड. तिनं उजेड कमी केला. पांढरं राखाडी झालं. राखाडीत कुणी नव्हतं. जे टिपलंच गेलं नाही ते खाली दडपलेलं नसतं, हे तिला माहीत होतं. तरी ती रात्री उशिरापर्यंत आकडे खाली ओढत बसली, विहिरीत पडलेली बादली गळानं चाचपावी तशी. तळहाताकडे बघितलं आणि मग कळलं. एवढं साधं! मॅडमना हे सांगायला सुचलं नव्हतं, कारण मॅडम मेंदी काढत नाहीत; आणि तिला विचारायला सुचलं नव्हतं, कारण मेंदी म्हणजे काही काळोख नव्हे, मेंदी म्हणजे आनंद. कोण आनंदाला म्हणेल की तू जरा बाजूला हो, मला मोजू दे.

दुसऱ्या दिवशी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी हळद. तिसऱ्या दिवशी लग्न. चौथ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "काय, गंगारामभाऊंचा कसा आला?" आणि ती म्हणाली, "चांगला आलाय. काम चाललंय." जीभ इतकी सहज वळली की तिचं तिलाच नवल वाटलं. ओठाबाहेर गेलेला शब्द दारातल्या पाहुण्यासारखा. एकदा या म्हटलं की जा म्हणता येत नाही. दहाव्या दिवशी सकाळी गंगारामकाकांचा फोन आला. "पोरी, आय गेली. झोपेतच गेली. तो फोटो तेवढा मोठा कर. एकलीचा. तेराव्याला लागंल." ती म्हणाली, "हो काका." फोन ठेवला आणि मग रडली. बामीबाईसाठी रडली की आपल्यासाठी, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

घरात दुसरा फोटो नव्हता. मोबाईलमध्ये होते, काकांच्या सुनेनं, नमितानं, नऊ पाठवले. प्रत्येकात आजी पाठमोरी, नाहीतर तोंडावर पदर, नाहीतर लग्नाच्या गर्दीत एक कान. फ्लॅशच्या उजेडाचा तिला राग होता म्हणे. आणि आधार कार्ड. त्यातला चेहरा म्हणजे कुणीतरी भिंतीला टेकवून झडती घेतल्यासारखा. उत्कर्षानं ते सगळं घेतलं: आधारचा चेहरा, लग्नातला कान, आपल्या फोटोतली हनुवटीची कड. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर होतंच, तुटक्याचं अखंड करणारं, नसलेलं घडवणारं. मॅडम त्यानं भिंतींवरच्या वायरी पुसत. तिनं सगळं त्याच्या पुढ्यात ठेवलं. यंत्रानं थोडा वेळ विचार केला, म्हणजे विचार केल्यासारखं चक्र फिरवलं, आणि उन्हाच्या त्या भगदाडातून एक म्हातारी बाहेर आली. सुरकुत्या होत्या. नाकात जुनी मोरणी होती. आणि डोळे उघडे होते. दोन्ही, सारखे, टपोरे, ओलसर. हिच्याकडे बघून उत्कर्षाच्या मनात पहिल्यांदा काय आलं? सुटले. आणि मग, लगेच पाठोपाठ: ही कोण?

त्याच बाईला ती आता पोटाशी धरून चालली होती. कागदाआडून ती बघते आहे असं वाटत होतं, पापणी न लववता. उत्कर्षा खऱ्या बामीबाईला आठवायला लागली. वळण आलं, भाजीची गाडी गेली, एका गॅलरीतून कुणी पाणी झटकलं, आणि डोळ्यांपुढं यायचे ते हेच टपोरे डोळे. ती मागं ढकलायची. पुन्हा तेच. तीन आठवड्यांपूर्वीचं माणूस, समोर चार हातांवर बसलेलं, आणि त्याच्या जागी दुसरंच येऊन बसलं होतं, खुर्चीसकट. हे म्हणजे मांडीवरचं मूल बदललं जावं आणि आईला दिसू नये, तसं काहीतरी. मॅडमना दिसलं नव्हतं; ज्यांची नजर पडद्यावरची एक चुणी सोडत नाही त्यांना दिसलं नाही. कारण त्यांनी बामीबाईला पाहिलंच नव्हतं. पण घरच्यांना दिसेल. आत्ता, पाच मिनिटांत, कागद फाटला की दिसेल, आणि कुणीतरी ओरडेल. तिला भीती वाटली आणि भीतीच्या तळाशी, खडीसाखरेसारखा एक बारीक गोड खडा लागला: ओरडू दे. कुणीतरी ओरडू दे.

कुणी ओरडलं नाही. अंगणात मांडव घातला होता, ओट्यावर बायका तांदूळ निवडत होत्या. गंगारामकाकांच्या दोन बहिणी, नमिता, शेजारणी. "आली गो फोटोवाली!" तांदूळ बाजूला सरले. कागद फाटला. उत्कर्षानं दाराची चौकट धरली. मग थोरली बहीण पुढं झाली, काचेवर दोन्ही हात ठेवले. "आय गो," ती म्हणाली, "आय, तू डोले उघडलेस!" धाकटी रडत होती आणि हसत होती. "जल्मात अशी बघितली नाय ती आपल्याकडं. सदा डोले बारीक. मी म्हनायची, आय, रागावलीस का? ती म्हनायची, नाय गो, मीठ बोचता." थोरलीच्या तोंडून आपोआप, दळताना यावी तशी, आईचीच ओवी आली:

"उन्हाच्या पायरीला बाय बसली मिठासाठी
मीठ गेला घरोघरीं, ऊन रायला डोल्यांपाठी."

"आता गेला बघ ऊन," ती फोटोला म्हणाली. "आता बघ सुखानं." नमितानं उत्कर्षाच्या गालावरून बोटं उतरवून कानशिलावर मोडली. "पोरीच्या हातात देव हाय." शेजारीण म्हणाली, "माझ्या सासूचा पन काढ गो, तिचा तोंड कदी सरल नसता." बायका हसल्या. फ्रेमला जागा शोधली गेली, खिळा आला, हातोडी आली. उत्कर्षाच्या हातात चहाचा कप आला. ती त्या बायकांकडे बघत होती आणि तिला समजत होतं की आजपासून ह्या घरात बामीबाई अशीच दिसणार. पुढच्या वर्षी कुणी डोळे मिटून आठवली तरी अशीच. आत्ता खुर्चीशी खेळणारा तो पणतू मोठा होऊन आपल्या मुलांना सांगेल, ही तुमची खापरपणजी, कसे डोळे होते बघा. एक माणूस नव्वद वर्षं जगून गेलं आणि तिनं, हिनं, बावीस वर्षांच्या पोरीनं, ते दोनदा पुसलं: एकदा उजेडानं, एकदा डोळ्यांनी.

गंगारामकाका तिथं नव्हते. फोटो उघडला तेव्हा होते, दारात, मागं. तिनं पाहिलं होतं. मग नव्हते. ती कप ठेवून घराच्या मागं गेली. पडवीत ते एकटेच बसले होते, मांडवाचा उरलेला काथ्या गुंडाळत. साठी उलटलेला, उघडाबंब माणूस, गळ्यात टॉवेल. "ये गो. चाय घेतलीस?"

"काका, तो फोटो आजींचा नाही."

काथ्या थांबला नाही. "हलू बोल," ते म्हणाले.

तिनं सांगितलं. मेंदी, तळहात, पांढरं भगदाड, दहा दिवस, कॉम्प्युटर. एका दमात सांगितलं. सांगताना तिला स्वतःचा आवाज लहान मुलीसारखा, पाटी फुटल्याचं सांगणाऱ्या मुलीसारखा ऐकू येत होता. काकांनी काथ्याचं टोक आत खोवलं आणि गुंडा बाजूला ठेवला.

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "कागूद काढलास तवाच समजला. आयेचा डावा डोला उजव्यापरीस बारीक. तिच्या पाठीवर बसून मी मिठागरात गेलेला हाय, पोरी. मना नाय समजनार?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कोनाला बोलू? बहिनींना? बारा दिस रडतात त्या. आज हसल्या. त्यांचा काढून घेऊ?" त्यांनी टॉवेलनं मान पुसली. "तू पन नको बोलू. झाला ते झाला."

तिला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. शिव्या मिळतील, फ्रेम उतरेल, ती रडेल आणि धुऊन निघेल. इथं तर तिचा गुन्हाच कुणी उचलून फडताळात ठेवून दिला, घरातल्या वस्तूसारखा. ती पायरीवर बसली. खिशात फोन थरथरला. मॅडमचा होता: 'दिला का? काय म्हणाले?' मॅडमना सांगायचं होतं, आज, इथून निघाली की सरळ तिकडेच. ते आता ठरवावंही लागलं नाही. नेरूळचं बारसं दुसरं कुणी करेल. तिनं फोन उलटा ठेवला.

"पन मना येक सांग," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला, खाली आला. "त्या दिशी आमी समदी वर हुबी व्हतो. समदी तुझ्याकडं बघत व्हतो. आय आमच्या म्होरं, आमाला तिची पाठ. तिच्या तोंडाकडं तू येकलीच बघत व्हतीस. कशी दिसत व्हती?"

"डोळे बारीक करून..." ती म्हणाली.

"ते मना म्हाईत हाय. त्या दिशीचा सांग."

ती आठवायला लागली. अंगण आठवलं. धाकट्या काकांना 'जरा डावीकडं' सांगितलेलं आठवलं. सव्वीस डोकी मोजली होती, दोनदा, कुणी झाकलं जात नाही ना म्हणून. नमिताचा पदर नीट करायला लावला. पणतू रडायला लागला तेव्हा चुटकी वाजवली. बारा वेळा बटण दाबलं. आणि मधोमध, चार हातांवर बसलेल्या बाईकडे... तिथं पांढरं होतं. यंत्रानं भरलेलं नव्हे, उन्हानं जाळलेलंही नव्हे. तिनं बघितलंच नव्हतं. बामीबाई हलत नव्हती, रडत नव्हती, कुणाला झाकत नव्हती. तिच्याकडे बघायचं काही कारणच पडलं नव्हतं. काका वाट बघत होते. घाई नव्हती त्यांना. ओहोटीला बसलेला माणूस पाण्याची वाट बघतो तसे, तोंड तिच्याकडे करून.

"मला आठवत नाही, काका," ती म्हणाली. आणि म्हणता म्हणता, डोळ्यांना नव्हे, कानाला काहीतरी लागलं. "बोलल्या होत्या. शेवटी. दहावा-अकरावा फोटो झाला तेव्हा."

"काय बोलली?"

"म्हणाल्या, 'झाला का गो पोरी? मना मुताला जायाचा हाय.'"

गंगारामकाका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी उसळलं, खांदे हलले. हसणं होतं ते, आवाज न करता, टॉवेल तोंडात कोंबून, आणि मग ते नुसतं हसणं राहिलं नाही. घरात हातोडीचे ठोके पडत होते. खिळा भिंतीत जात होता. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड पुसलं.

"झाला का गो पोरी," ते हळूच म्हणाले. स्वतःशी, चाखून बघितल्यासारखं. मान हलवली. पुन्हा म्हणाले, जरा बारीक आवाजात. "झाला का गो पोरी... अशी बोलली?"

उत्कर्षानं कान दिला.

"नाही," ती म्हणाली. "इतकं मऊ नाही. जरा वैतागून."

"झाला का गो, पोरी!"

"हां. आणि 'गो' लांब."

काकांनी पुन्हा म्हटलं. ती ऐकत होती, पुढं झुकून.

"अजून जरा वरती," ती म्हणाली.